विश्लेषण : औषध कंपनीनेच गुण सिद्ध करावा, हा नियम कसा आला? एस्टेस किफॉवर यांनी अमेरिकेत काय बदलले?

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते सुरक्षित आहे आणि गुणही देते, हे कंपनीने सिद्ध करावे, हा नियम आज सर्वमान्य आहे. अमेरिकेत मात्र तो १९६२ पर्यंत नव्हता. तो आणण्यात टेनेसी राज्याचे सिनेटर एस्टेस किफॉवर यांचा मोठा वाटा होता. राज्यांचे अधिकार कुठे संपतात आणि केंद्राची जबाबदारी कुठे सुरू होते, हा प्रश्न त्यांनी संसदीय कारकीर्दीत वारंवार हाताळला.

किफॉवर कोण होते?

जन्म २६ जुलै १९०३, टेनेसीतील मॅडिसनव्हिल या लहान गावी. येल विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी चॅटनूगा शहरात वकिली केली. १९३९ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधीगृहात गेले. १९४८ मध्ये सिनेटची उमेदवारी मागताना मेम्फिसचे बलाढ्य नेते एडवर्ड क्रम्प यांनी त्यांना रॅकून या चोरट्या प्राण्याची उपमा दिली. किफॉवर यांनी रॅकूनच्या कातड्याची टोपी घालूनच प्रचार केला आणि ते जिंकले. १९५६ मध्ये ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, पण पक्षाचा पराभव झाला.

गुन्हेगारीच्या चौकशीतून कोणती भूमिका दिसली?

अमेरिकेत कायदा-सुव्यवस्था प्रामुख्याने राज्ये आणि शहरांकडे असते. जुगाराच्या संघटित टोळ्या मात्र राज्यांच्या सीमा जुमानत नव्हत्या. १९५०-५१ मध्ये किफॉवर यांच्या समितीने १४ शहरांत सुनावण्या घेतल्या. न्यूयॉर्कचा टोळीप्रमुख फ्रँक कॉस्टेलो याने चेहरा दाखवण्यास हरकत घेतली, तेव्हा दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी साक्ष देताना त्याचे फक्त हात पाहिले. राष्ट्रीय पोलीस दल उभारावे, असे मात्र किफॉवर यांचे म्हणणे नव्हते. स्थानिक बंदोबस्त स्थानिकांनीच करावा, पण राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या धोक्याकडे केंद्राने पाठ फिरवू नये, अशी त्यांची मांडणी होती.

औषधांच्या कायद्यात त्रुटी काय होती?

१९३७ मध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरलेल्या एका औषधाने अमेरिकेत शंभरहून अधिक बळी घेतले. (याच रसायनाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले.) त्यानंतर १९३८ च्या कायद्याने विक्रीपूर्वी औषधाच्या सुरक्षिततेची माहिती देणे बंधनकारक केले. पण औषध गुणकारी आहे का, याचा पुरावा लागत नव्हता. शिवाय केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने ६० दिवसांत हरकत घेतली नाही, तर औषधाचा मार्ग आपोआप मोकळा होत असे. म्हणजे धोका शोधण्याचे ओझे सरकारवर होते.

किफॉवर यांनी काय केले?

डिसेंबर १९५९ मध्ये त्यांच्या उपसमितीने औषधांच्या किमतींची चौकशी सुरू केली. एका संधिवाताच्या गोळीचा उत्पादन खर्च दोन सेंटपेक्षा कमी होता; रुग्णाला ती सुमारे ३० सेंटला पडत होती. संशोधनावर मोठा खर्च होतो आणि अनेक प्रयोग फसतात, हा कंपन्यांचा बचाव होता. १९६१ मध्ये किफॉवर यांनी विधेयक आणले. पेटंट मिळाल्यावर तीन वर्षांनी इतर उत्पादकांनाही परवाना द्यावा, ही त्यातली सर्वांत वादग्रस्त तरतूद. जून १९६२ मध्ये त्यांना बाजूला ठेवून झालेल्या बैठकीत विधेयक बोथट करण्यात आले.

मग कायदा कसा झाला?

युरोपात थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भवतींनी घेतल्याने हजारो बालके हात-पायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली होती. तरीही चाचणीच्या नावाखाली एक हजारांहून अधिक डॉक्टरांकडे या गोळ्या पोहोचल्या होत्या आणि तेव्हाच्या कायद्यात ते बसत होते. जुलै १९६२ मध्ये वृत्तपत्रांतून हे उघड झाले आणि अडकलेले विधेयक पुन्हा पुढे सरकले. सिनेटने ते एकमताने संमत केले. १० ऑक्टोबर १९६२ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी स्वाक्षरी केली. ‘किफॉवर-हॅरिस दुरुस्ती’ या नावाने ती ओळखली जाते.

त्याने काय बदलले, काय राहिले?

नियंत्रित चाचण्यांतून औषधाचा गुण सिद्ध करणे, चाचणीपूर्वी रुग्णाची संमती घेणे, जाहिरातीत दुष्परिणाम सांगणे आणि कारखान्यांची नियमित तपासणी या गोष्टी बंधनकारक झाल्या. सरकारच्या मौनाला परवानगी मानणे बंद झाले. यामुळे नवी औषधे उशिरा मिळतात, अशी टीका पुढे झाली. किमती आणि पेटंटविषयीचा भाग, म्हणजे किफॉवर यांच्या चौकशीचा मूळ विषय, मात्र गळाला.

त्या भागाचे पडसाद भारतात उमटले. औषधांच्या सर्वाधिक किमती असलेल्या देशांत भारत मोडतो, अशी नोंद किफॉवर समितीने केली होती. भारतातील पेटंट कायद्याच्या चर्चेत तिचा दाखला दिला गेला. १९७० च्या कायद्याने औषधांवरील उत्पादन पेटंट बंद केले आणि ते २००५ पर्यंत बंद राहिले. हे पाहायला किफॉवर नव्हते. ८ ऑगस्ट १९६३ रोजी सिनेटमध्ये भाषण करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.