लोकमान्यांचे मोजके ताट

रत्नागिरी शहरातील टिळक आळीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे. ते पाहायला येणाऱ्यांना केसरीकार टिळक ठाऊक असतात, राजद्रोहाचे खटले आणि गीतारहस्यही ठाऊक असते. मात्र मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षे या पुरुषाने मधुमेहासारख्या व्याधीशी केवळ ताटातील अन्नाच्या बळावर झुंज दिली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टिळकांच्या राजकीय जीवनाचे अखेरचे पर्व या झुंजीमुळेच शक्य झाले.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांची बदली झाल्याने १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास गेले. त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. पुढे १८७१ मध्ये दापोलीजवळच्या लाडघर येथील बाळ घराण्यातील तापीबाई, म्हणजेच सत्यभामाबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८७२ मध्ये पितृछत्रही हरपले.

तालीम आणि खुराक

लहानपणी टिळकांची अंगकाठी किरकोळ होती. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर ही उणीव त्यांना जाणवली. पहिल्या वर्षी त्यांनी अभ्यास चक्क बाजूला ठेवला आणि तालीम, कुस्ती व पोहणे यांवर भर दिला. व्यायामाला साजेसा खुराकही सुरू केला. सहाध्यायांना हा वेडेपणा वाटला, तरी वर्षअखेरीस त्यांची प्रकृती पालटली. शरीर हे नियमाने घडवता येते, हा धडा त्यांना विशीच्या आतच मिळाला होता. पुढे १८७७ मध्ये ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले.

या शरीराची पहिली कसोटी १८९७ मध्ये लागली. राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील अन्न त्यांना मानवले नाही आणि पहिल्या काही आठवड्यांतच वजन झपाट्याने उतरले. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सुटका झाली, तेव्हा प्रकृती सावरण्यासाठी त्यांना विश्रांती घ्यावी लागली.

मंडालेचा दिनक्रम

दुसरी कसोटी याहून कठीण होती. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या न्यायालयाने टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती आणि मधुमेह आधीच जडलेला होता. पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत होऊन त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडाले येथे झाली. तेथील कडक उन्हाळा आणि लाकडी फळ्यांची खोली यांत सहा वर्षे काढायची होती. त्या काळी मधुमेहावर आहारनियमनाखेरीज खरा उपाय नव्हता. इन्शुलिनचा शोध कॅनडात १९२१ साली लागला आणि पहिल्या रुग्णाला ते १९२२ मध्ये टोचण्यात आले. टिळक तोवर हयात नव्हते.

कैद साधी असल्याने स्वयंपाकासाठी कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी त्यांना देण्यात आला होता. टिळकांनी या सवलतीचा उपयोग जिभेचे चोचले पुरवण्यासाठी केला नाही. कोकणात जन्मलेल्या या माणसाने भात सोडला, गहूही टाळला आणि जवाच्या पिठाचे पदार्थ, दूध, दही व तूप यांवर भागवले. जेवण ठरल्या वेळी आणि ठरल्या प्रमाणात होई. अध्ययन, चिंतन, लेखन यांच्या वेळाही तशाच बांधलेल्या होत्या. पुण्याला पाठवता येणाऱ्या मोजक्या पत्रांतूनही प्रकृतीचा आणि आहाराचा उल्लेख येई. जवातील तंतुमय अंशामुळे रक्तात साखर सावकाश उतरते, हे आज शास्त्राने सिद्ध केले आहे. टिळकांपाशी मात्र वैद्यकीय सल्ला आणि स्वतःच्या प्रकृतीचे बारकाईने केलेले निरीक्षण एवढीच साधने होती.

या संयमाला व्रतवैकल्याचे रूप नव्हते. टिळक विरक्त नव्हते. सुपारीची त्यांची आवड तर सर्वश्रुत होती. पण पुढील कार्यासाठी देह टिकवायचा, एवढा हिशेब पक्का होता. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या काळात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्याचे हस्तलिखित पूर्ण केले. ज्या गीतेवर ते लिहीत होते, तिच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि निराहार ही दोन्ही टोके वर्ज्य मानली आहेत. टिळकांचे ताट या विचाराशी जुळणारे होते.

इकडे पुण्यात सत्यभामाबाईंनाही मधुमेहाने ग्रासले होते. ७ जून १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. ही वार्ता टिळकांना तुरुंगातच समजली. एकाच व्याधीने पत्नी गेली आणि आपली शिक्षा मात्र दोन वर्षे उरलेली, अशा अवस्थेतही त्यांनी दिनक्रम सोडला नाही.

वाचलेली सहा वर्षे

जून १९१४ मध्ये टिळक पुण्यास परतले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होत आले होते. पुढच्या वर्षी गीतारहस्य प्रसिद्ध झाले. १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना आणि लखनौ करार झाला. १९१८-१९ मध्ये त्यांनी विलायतेचा दौराही केला. अखेर तापाचे व न्यूमोनियाचे निमित्त होऊन १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांची प्राणज्योत मालवली.

टिळकांचा आहार आज जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही, त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि औषधे उपलब्ध आहेत. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. आपल्याला काय करायचे आहे हे आधी ठरवावे आणि ताटात काय व किती वाढायचे ते त्यावरून ठरवावे. मधुमेह आज घरोघरी पोहोचला असताना रत्नागिरीच्या या सुपुत्राच्या चरित्रातील हे पान पुन्हा उघडायला हवे.