अंगठ्याला पुराव्याचे मोल देणारे हर्शेल

ज्याला सही करता येत नाही त्याने कागदावर अंगठा उठवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पण तो अंगठा नेमका त्याच माणसाचा आहे हे पडताळता येते, ही गोष्ट सरकारी कामात पद्धतशीरपणे वापरून पाहिली ती विल्यम जेम्स हर्शेल यांनी, आणि तीही भारतात.

हर्शेल यांचा जन्म 1833 मधला. युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. वडील जॉन हेही नामवंत खगोलशास्त्रज्ञ. नातू मात्र 1853 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला. पाच वर्षांनी, 1857 च्या उठावानंतरच्या अविश्वासाच्या वातावरणात, ते मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे होते. रस्त्याच्या खडीचा ठेका त्यांनी राज्यधर कोनाई यांना दिला. ठेकेदाराने पुढे करार नाकारू नये म्हणून 28 जुलै 1858 रोजी त्यांच्या तळहाताला शिक्क्याची शाई लावून कराराच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. यात शास्त्र कमी आणि धाक जास्त होता.

पण त्या पंजाने हर्शेल यांचे कुतूहल जागे झाले. मित्रांचे, सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे ठसे ते घेत राहिले. वर्षे उलटली, चेहरे बदलले. बोटांवरच्या रेषा तशाच राहिल्या. हा धीराने जमवलेला पुरावा हेच त्यांचे खरे काम.

1877 मध्ये हुगळी येथे त्यांनी पेन्शनर, दस्त नोंदवणारे आणि कैदी यांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. मेलेल्याच्या नावावर दुसऱ्याने पेन्शन उचलू नये, एकाची शिक्षा दुसऱ्याने भोगू नये, हा हेतू. ही पद्धत इतरत्र लागू करण्याची त्यांची सूचना मात्र वरिष्ठांनी उचलून धरली नाही. 1878 मध्ये ते मायदेशी परतले.

गुन्ह्याच्या जागी राहिलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधण्याची कल्पना 1880 मध्ये छापून मांडली ती जपानमध्ये काम करणारे डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी. श्रेयावरून वाद झाला. हर्शेल यांनी जमवलेले ठसे फ्रान्सिस गाल्टन यांना उपयोगी पडले. गाल्टन यांचा ग्रंथ 1892 मध्ये आला. हजारो ठशांतून हवा तो चटकन शोधण्यासाठी 1024 कप्प्यांची वर्गवारी बंगाल पोलिसांत तयार झाली. त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, पण नाव राहिले वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झाले, 1901 मध्ये स्कॉटलंड यार्डमध्ये. हर्शेल 1917 मध्ये वारले.

त्यांना दिसले त्याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. गर्भाच्या साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात या रेषांची घडण होते आणि तिचा पाया वरच्या कातडीखाली असतो. म्हणून वरवरची जखम भरली की तीच नक्षी परत येते. खोल भाजले तर व्रण राहतो, आणि तो व्रणही ओळखीची खूण ठरतो. आपण ज्यांना शंख आणि चक्र म्हणतो ते यातले मुख्य प्रकार. तिसरा कमानीसारखा, तो थोड्यांच्याच बोटांवर आढळतो. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात.

मात्र रेषा कायम असल्या तरी त्या यंत्राला दिसतीलच असे नाही. भोर-वेल्ह्याकडे भातलावणीच्या दिवसांत हात तासन्‌तास चिखलात असतात; कातडी भिजून सुरकुतते, झिजते. दगड-सिमेंटचे काम, धुण्याचा सोडा, इसब, वाढते वय आणि कर्करोगावरचे कॅपेसिटाबिन हे औषध यांनीही ठसे पुसट होतात. मग रेशन दुकानात अंगठा लागत नाही. अशा वेळी हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहावे. रात्री हातांना खोबरेल तेल चोळावे, भेगा किंवा खाज असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आधारमध्ये बुबुळांचीही नोंद असते. आधार केंद्रात जाऊन नोंदी अद्ययावत करून घ्याव्यात.

ठसा जुळला तर ओळख पटते. यंत्राला तो वाचताच आला नाही, तर माणूस खोटा ठरत नाही. हक्काचे धान्य नाकारण्याआधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. मेलेल्याच्या नावावर कोणी पैसे खाऊ नयेत म्हणून हर्शेल यांनी अंगठा घेतला होता. जिवंत माणसाचा घास अडवण्यासाठी नव्हे.