नगरपालिकेतील जोतीराव

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या चरित्रांत पुणे नगरपालिकेच्या सभासदत्वाचा भाग बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. १८७६ मध्ये सरकारनियुक्त सभासद म्हणून ते तेथे गेले, तेव्हा सत्यशोधक समाजाच्या स्थापनेस सुमारे तीन वर्षे झाली होती. शिवाय स्वतः बांधकामाचे कंत्राटदार असल्याने दगडचुन्याचा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागत नव्हता. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचेच. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. भव्य मंडईच्या खर्चासही त्यांचा विरोध होता, आणि तोही याच भूमिकेतून. शहरात भाजीपाला आणणाऱ्या कुणब्यावर पडणारी नगरपालिकेची जकात त्यांना सलत असे. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ती तक्रार आली आहे. हा ग्रंथ निव्वळ वैचारिक गद्य म्हणून वाचणाऱ्या आपणा अभ्यासकांच्या नजरेतून त्यामागील सभागृह निसटते, असे मला वाटते. मंडई मात्र उभी राहिली. १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने खुली झाली. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.