गाडगेबाबांचा दिवस



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असा सर्वांचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; मोठ्या ग्रंथांतले विचार मला मांडता यायचे नाहीत. पण आपल्याच वऱ्हाडात होऊन गेलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगते. ते म्हणजे श्रीगाडगेबाबा.

श्रीगजाननमहाराज १८७८ साली आपल्या शेगावात प्रगट झाले. त्याआधी दोन वर्षे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी एका परिटाच्या घरी बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आल्या. डेबूजीच्या नशिबी शाळा नव्हती. मामाची गुरे राखणे आणि शेतात राबणे यातच बालपण सरले. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली. अक्षर न येण्याची किंमत काय असते, ते त्यांना तेव्हा उमगले. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला दारू व मटण वाढण्याची रीत होती. ती मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी बाबांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढाच संसार. पण ते डोंगरात जाऊन बसले नाहीत. ज्या गावी जात तिथे आधी खराटा हाती घेत. रस्ते, गटारे, पाणवठे झाडून काढीत. कुणी भाकर देऊ केली, तर आधी त्या घरचे काही काम करून मगच ती गाडग्यात घेत. काम आधी, अन्न मागून, हा त्यांचा नेम होता. दिवसा गावातला केर निघाला की रात्री कीर्तनातून मनातला केर काढीत. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, शिवाशीव पाळू नका, एक वेळ लुगडे स्वस्तातले घ्या पण लेकराला शाळेत घाला, असे ते समजावून सांगत. कुणाला पायाही पडू देत नसत.

भगिनींनो, दिवस कसा जगावा हे त्यांच्याकडून शिकावे. मिळालेल्या भाकरीचे ऋण त्यांनी नुसत्या तोंडाने मानले नाही, हातांनी फेडले. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. समोर बसलेल्या माणसांसाठी तो दिवस होता, तो त्यांनी पुरा केला. आईच्या काळजाला हे सोसणे कठीण, पण त्यांच्या निश्चयाचे बळ यावरून कळते.

लोकांनी दिलेल्या पैशाला त्यांनी स्वतःसाठी हात लावला नाही. पूर्णेकाठी ऋणमोचन येथे घाट बांधला. हीच पूर्णा पुढे आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडून वाहते. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी निवारा केला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. या कशावरही आपल्या नातलगांचा हक्क नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले होते.

इथे कुंताबाईंची आठवण आल्यावाचून राहत नाही. बाबा गेले तेव्हा सासू आणि लेकरे त्यांच्या पदरात होती. पुढे पती गावोगावी पूज्य झाले, धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण कुंताबाईंच्या वाट्याला साधी झोपडीच आली. बाबांचे चरित्र सांगताना या माउलीचे नाव एका ओळीत संपते, हे मला बरे वाटत नाही. रोज चूल पेटवून लेकरे जगवणे हेही व्रतच नव्हे का? बाबांचा दिवस जगाला दिसला, कुंताबाईंचा कुणी पाहिला नाही. म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीत आहे. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळा न पाहिलेल्या माणसाचे नाव आज आपल्या लेकीसुनांच्या पदवीपत्रावर असते, याहून मोठा मान कोणता?

आपल्याही हाती रोज सकाळी झाडू असतो. घर सोडण्याची आपल्याला गरज नाही. मात्र अंगण झाडताना खराटा आपल्या दारापाशीच न थांबवता शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या दारापर्यंत न्यावा. जेवताना धान्य पिकवणाऱ्याची आठवण ठेवावी. आणि निजण्यापूर्वी आज आपला कुणाला उपयोग झाला, हे मनाशी विचारावे. मंडळाच्या येत्या वर्षात एवढा नेम आपण सर्वजणी करू या.