मुंबईला आलेले पोप पॉल सहावे



बँकेत असताना टपालाची पाकिटे रोज हाताखालून जात. त्यातूनच तिकिटे जमवण्याचा नाद लागला. माझ्या वहीत १५ पैशांचे एक जुने भारतीय तिकीट आहे. त्यावर ख्रिस्ती परंपरेनुसार पहिल्या शतकात केरळात आलेल्या संत थॉमस यांचे चित्र आहे. मात्र हे तिकीट २ डिसेंबर १९६४ रोजी निघाले ते पोप पॉल सहावे यांच्या भारतभेटीच्या निमित्ताने. त्या पाहुण्यांची ही ओळख.

त्यांचे मूळ नाव जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी. जन्म २६ सप्टेंबर १८९७, उत्तर इटलीतील ब्रेशिया शहराजवळच्या कोंचेझिओ गावी. वडील वकील, वृत्तपत्राचे संपादक आणि पुढे खासदार. मुलाची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. १९२० मध्ये ते धर्मगुरू झाले आणि लवकरच व्हॅटिकनच्या कचेरीत रुजू झाले. पुढची सुमारे तीस वर्षे बहुतेक कागदपत्रांतच गेली. पण कागदामागे माणूस असतो हे ते विसरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कैदी आणि बेपत्ता सैनिकांचा शोध घेऊन घरच्यांना कळवणारे कार्यालय त्यांच्याच देखरेखीखाली चालले.

१९५४ मध्ये त्यांची मिलानच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली. तेथे ते कारखान्यांत जाऊन कामगारांना भेटत. २१ जून १९६३ रोजी त्यांची पोपपदी निवड झाली. आधीच्या पोपनी सुरू केलेली दुसरी व्हॅटिकन परिषद अर्धवट राहिली होती, ती त्यांनी १९६५ मध्ये पूर्णत्वाला नेली. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना होऊ लागली, ती याच काळात. आपल्या वसईतील मराठी ख्रिस्ती बांधवांनाही त्यामुळे चर्चमध्ये मराठी प्रार्थना ऐकता आली.

विमानाने प्रवास करणारे ते पहिले पोप, आणि भारतात येणारेही पहिलेच. २ ते ५ डिसेंबर १९६४ असे चार दिवस ते मुंबईत होते. ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती. यजमान होते मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस. पोप राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांना भेटले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे नेणाऱ्या उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. शस्त्रांवरच्या खर्चातील काही भाग गरिबांसाठी द्यावा, असे आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केले.

हे नुसते बोलणे नव्हते. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी आपला मुकुट गरिबांसाठी अर्पण केला होता. मुंबईत वापरलेली, भेट मिळालेली पांढरी मोटार जाताना मदर तेरेसा यांना दिली. मदरनी तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. आनंदवन आपल्यापासून फार लांब नाही, त्यामुळे या दानाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९६८ मध्ये मात्र त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना परवानगी द्यावी, असे त्यांनीच वाढवलेल्या समितीतील बहुतेकांचे मत होते. त्यांनी ते मानले नाही. त्याच सुमारास आपल्याकडे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवला जात होता. माझ्या पिढीला हा निर्णय पटणे कठीण. पण लोकप्रियता जाणार हे दिसत असूनही त्यांनी जे योग्य वाटले तेच लिहिले, आणि सहीची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. त्यानंतर दहा वर्षे ते पदावर होते, पण तशा स्वरूपाचे धर्मपत्र त्यांनी पुन्हा काढले नाही.

१९७० मध्ये मनिला विमानतळावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला, तरी पुढचा दौरा त्यांनी पूर्ण केला. १९७८ मध्ये त्यांचे जुने स्नेही, इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण झाले. पोपनी अपहरणकर्त्यांना जाहीर विनवणी केली, तरी मोरो यांची हत्या झाली. हा घाव वृद्ध पोपच्या जिव्हारी लागला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी साधेपणाने झाला. साध्या लाकडी पेटीत, जमिनीत त्यांना पुरण्यात आले. २०१८ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

व्हॅटिकननेही त्यांच्या मुंबई प्रवासाची तिकिटे काढली होती. आपल्या तिकिटावर मात्र ते स्वतः नाहीत. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला वही घेऊन येईन. मुलांनी जरूर पाहावी.