जामखेडच्या मेबलताई आणि कमी दिवसांची बाळं

बीडच्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागून अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं जामखेड आहे. १९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे या दांपत्याने या दुष्काळी गावात आपलं बिऱ्हाड आणि दवाखाना थाटला.

मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. वेल्लोरला डॉक्टरकी शिकताना रजनीकांत भेटले. १९६० मध्ये लग्न झालं तेव्हाच खेड्यात काम करायचं दोघांनी ठरवलं होतं. आधी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात चार वर्षं काढली. बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच दुखण्याने परत येतो, हे तिथे वारंवार दिसलं. पुढे दोघं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले.

जामखेडला शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेलं गावात सांगत. माझ्या मते मेबलताईंचं खरं मोठेपण इथे आहे. बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसून बोलायला डॉक्टरपेक्षा शेजारीण बरी, हे त्यांनी ओळखलं. पहिला पिवळसर चीक टाकून देण्याची रीत अशाच बोलण्यातून मोडत गेली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला.

सदतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला अशा शेजारणीची गरज जास्तच. त्याच्या अंगावर चरबी कमी असते, म्हणून ते लवकर गार पडतं. चोखायची ताकद कमी असते. दवाखान्यातून सोडताना आईला तीन गोष्टी हाताने करून दाखवायला हव्यात. बाळाला टोपी-मोजे घालून, उघड्या अंगाने आपल्या छातीशी उभं बांधणं. आई दमली तर वडील किंवा आजीनेही हे करावं. चोखता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने, दर दोन तासांनी पाजणं. आणि बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं. वजन वाढेपर्यंत अंघोळ नको, घुटी तर नकोच. बाळ दूध सोडू लागलं, हातपाय गार पडले, सुस्त झालं किंवा मिनिटाला साठ आणि त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, तर रात्र असली तरी थांबू नये. छातीशी धरूनच दवाखाना गाठावा.

ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या आईला हे सगळं फडावरच्या कोपीत करावं लागतं. थंडी तिथे जास्त आणि शेजारीणही पहाटेच कोयता घेऊन निघालेली. म्हणून शिकवणी गाव सोडण्याआधीच, सासूसकट, व्हायला हवी.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या. त्यांनी सुरू केलेलं प्रशिक्षण जामखेडला पुढेही चालू राहिलं.