खारेपाटणच्या राजाची वंशावळ वाचणारे बाळशास्त्री एका मुलाला जातीत परत घ्या म्हणून का भांडले?

तुम्ही मूळचे कुठले?

कोकणात हा प्रश्न कुणालाही चुकलेला नाही. एसटीत शेजारी बसलेले आजोबा विचारतात, लग्नाच्या बोलणीत विचारतात, देवळाच्या मानपानावरून वाजलं की हमखास विचारतात. आडनाव सांगितलं की गाव विचारतात, गाव सांगितलं की कुलदैवत. एवढं कळलं की समोरचा आपला की बाहेरचा, हे मनातल्या मनात ठरून जातं.

पण पूर्वजांवरून आपला आणि परका ठरवायची ही पद्धत किती पक्की आहे? सुमारे १८० वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका माणसासमोर हा प्रश्न दोन वेगवेगळ्या रूपांत आला. एकदा हजारेक वर्षं जुन्या तांब्याच्या पत्र्यांवर, आणि एकदा एका जिवंत मुलाच्या रूपात. तो माणूस म्हणजे आपण ज्यांना दर्पणकार म्हणतो ते बाळशास्त्री जांभेकर.

पोंभुर्ल्याचा मुलगा मुंबईत

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा, गाव पोंभुर्ले. आजच्या देवगड तालुक्यातलं हे गाव खारेपाटणपासून फार लांब नाही. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगायचे. घरातच संस्कृतचे धडे मिळाले आणि लहानपणीच मुलाची हुशारी सगळ्यांच्या लक्षात आली.

पुढचं शिक्षण घ्यायला तो मुंबईला गेला. तिथे सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्यासारख्या जाणत्या माणसाचा आधार मिळाला. मग जे झालं ते आजही थक्क करणारं आहे. विशीत पोचायच्या आत तो मुंबईतल्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात जबाबदारीच्या पदावर होता. ६ जानेवारी १८३२ रोजी त्याने मराठीतलं पहिलं वृत्तपत्र दर्पण काढलं. सोबत होते भाऊ महाजन. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर, म्हणजे आपल्या लोकांना जगाची बातमी कळेल आणि साहेबालाही इथल्या लोकांच्या मनातलं वाचता येईल. आधी पाक्षिक असलेलं दर्पण काही महिन्यांतच साप्ताहिक झालं आणि १८४० पर्यंत चाललं.

१८३४ साली बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. या पदावर पोचलेले ते पहिले भारतीय मानले जातात. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. १८४० मध्ये त्यांनी दिग्दर्शन हे मासिक सुरू केलं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. हे सगळं अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात.

एवढा भाग शाळेच्या पुस्तकात येतो. पुढचा सहसा येत नाही.

खारेपाटणच्या ताम्रपटात काय होतं?

मुंबई-गोवा हायवेवरून जाताना राजापूर तालुका संपला की खारेपाटण लागतं. इथून खाडी विजयदुर्गाकडे जाते. आज वाटणार नाही, पण एकेकाळी हे गजबजलेलं बंदर होतं. दक्षिण कोकणच्या शिलाहार राजांच्या काळात भरभराटीला आलेलं वलिपत्तन म्हणजे हेच गाव, असंही काही अभ्यासक मानतात.

इथे सापडलेला ताम्रपट शिलाहार राजा रट्टराज याचा आहे. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. लिपी नागरी, भाषा संस्कृत. बाळशास्त्रींनी तो वाचला, त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आलं. जुन्या लेखांचं असं आधुनिक पद्धतीने वाचन करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे याच शतकाच्या शेवटी जर्मन विद्वान कीलहॉर्न यांनी या ताम्रपटाचं पुन्हा संपादन केलं.

ताम्रपट मुळात दानाचा आहे. राजाने आपल्या गुरूला देवळाच्या पूजेअर्चेसाठी आणि तपस्व्यांच्या पोटापाण्यासाठी गावं दिली. परदेशातून येणाऱ्या गलबतांवर सोन्याच्या रूपात कर लावला आणि तोही देवळाला दिला. तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरं देवळाच्या सेवेला जोडली.

पण दानाची गोष्ट सुरू होण्याआधी ताम्रपटात लांबलचक वंशावळ आहे. आधी राष्ट्रकूट सम्राटांची, ज्यांच्या छत्राखाली शिलाहार वाढले. मग त्यांचा पाडाव करणाऱ्या चालुक्यांची, कारण आता मालक ते होते. आणि त्यानंतर रट्टराजाची स्वतःची. सणफुल्ल हा मूळ पुरुष, ज्याला राष्ट्रकूट राजा कृष्णाच्या कृपेने सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला मुलूख मिळाला. तिथपासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्या.

आता खरी गंमत बघा

ही वंशावळ सणफुल्लावर थांबत नाही. ती आणखी मागे जाते आणि पोचते जीमूतवाहनापर्यंत. नागाचा जीव वाचवायला गरुडापुढे स्वतःचं शरीर ठेवणारा हा विद्याधर, म्हणजे अर्धदैवी पुरुष. शिवाय हे घराणं सिंहलच्या राजांपैकी असल्याचंही ताम्रपट सांगतो. हे सिंहल नक्की कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शिलाहारांच्या दुसऱ्या शाखा मात्र स्वतःला तगर नगरीचे स्वामी म्हणवून घेत. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर.

म्हणजे दोनेकशे वर्षं कोकणावर राज्य केलेलं घराणं स्वतःच अभिमानाने तांब्यावर कोरून ठेवतं की आमचं मूळ इथलं नाही. त्या काळात बाहेरून आलेलं असणं ही मिरवायची गोष्ट होती. दूरचं मूळ आणि देवाशी जोडलेलं नातं यावर राज्य करायचा हक्क उभा राहत होता.

हे फक्त शिलाहारांचं नाही. कोकणातल्या बऱ्याच समाजांच्या मूळकथा दूरवरून सुरू होतात. सारस्वतांची परंपरा सरस्वतीच्या काठावरून निघते, चित्पावनांची परशुरामाच्या कथेतून. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळीही क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला तेव्हा भोसल्यांची वंशावळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत जोडली गेली.

यातलं काय खरं आणि काय रचलेलं, हा इतिहासकारांचा विषय. आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच की वंशावळ कधी रिकाम्या वेळात लिहिली जात नाही. जमीन, कर, मान किंवा गादी, काहीतरी पणाला लागलेलं असतं तेव्हाच ती बाहेर काढली जाते.

१८४३: एका घरातले दोन भाऊ

साधारण याच काळात मुंबईत एक प्रकरण पेटलं. त्याआधी १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि मिशनच्या शाळेतून पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली होती. शहर आधीच तापलेलं होतं.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता, पण त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. वडील सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा अल्पवयीन आहे, म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात द्या असा निकाल लागला.

कोर्टासाठी विषय संपला. श्रीपतसाठी तिथेच सुरू झाला.

कारण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडचं अन्न त्याच्या पोटात गेलं होतं. वडील तेच, गोत्र तेच, कुळही तेच. तरी सनातनी मंडळींच्या लेखी तो आता ब्राह्मण उरला नव्हता. त्याला घरात घेतलं तर घरच्यांच्या पंक्तीला कोण बसणार, त्या घराशी रोटीबेटी कोण करणार? जातीतून वाळीत पडणं म्हणजे लग्नकार्य, श्राद्ध, मयताला खांदा, सगळंच बंद. अशा वादाला तेव्हा ग्रामण्य म्हणत, आणि ग्रामण्यात सापडलेलं घर पिढ्यान्‌पिढ्या वर येत नसे.

खारेपाटणच्या ताम्रपटाशेजारी हे ठेवून बघा. राजाला दहा पिढ्यांचं रक्त एका देवतुल्य पुरुषाशी जोडता आलं. या मुलाला मात्र बापाचं रक्तही पुरलं नाही. जातीत राहायला जन्म हवाच, पण नुसता जन्म पुरत नाही, बाकीच्यांनी पंक्तीला बसवून घ्यावं लागतं.

बाळशास्त्रींनी काय केलं?

बाळशास्त्रींपुढे सोपा मार्ग होता. नोकरी चांगली, सरकारदरबारी वजन, विद्वान म्हणून नाव. गप्प बसले असते तर कुणी विचारलं नसतं.

ते श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. अजाणत्या वयात घडलेल्या गोष्टीला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त आहे. ते द्या आणि मुलाला परत घ्या. शास्त्र्यांशी वाद घालताना त्यांनी शास्त्राचाच आधार घेतला, कारण समोरच्याला दुसरी भाषा मान्य नव्हती. इतिहासातही दाखले होते. शिवाजी महाराजांच्या काळात धर्मांतर झालेल्या बजाजी निंबाळकर आणि नेताजी पालकर यांना परत घेतलं गेलं होतंच.

मुंबईतल्या ब्राह्मणांत सरळ दोन तट पडले. श्रीपतला परत घ्यायला निघालेल्यांवरच बहिष्काराचं हत्यार उगारलं गेलं. ज्याला जातीत आणायचं त्याच्यासोबत आणणाराही जातीबाहेर जाऊ शकत होता. बाळशास्त्रींनी तरी माघार घेतली नाही. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात शुद्धीच्या बाजूने दिलेला हा सुरुवातीचा मोठा लढा मानला जातो. विरोधकांचा राग मात्र शेवटपर्यंत शमला नाही.

मे १८४६ मध्ये तापाच्या दुखण्याने बाळशास्त्री गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५० मध्ये, सरकारने कायदा केला की धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. मालमत्तेपुरतं तरी रक्ताचं नातं जातीच्या निकालातून सुटलं. पंक्तीचा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हताच.

मोठा भाऊ नारायण परत आला नाही. तो पाद्री झाला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती त्याने उभारली. जिथे बहुतेक लोक जन्माने गावकुसाबाहेर ठेवलेले होते, अशा ठिकाणी या ब्राह्मणाच्या मुलाने आपलं आयुष्य काढलं.

कौतुक करताना हेही बघायला हवं

बाळशास्त्रींनी जातीचा दरवाजा उघडा ठेवायला सांगितलं, पण तो जन्माने आत असलेल्यासाठी. जो जन्मानेच बाहेर होता त्याच्यासाठी या युक्तिवादात जागा नव्हती. प्रायश्चित्त घेऊन परत यायला आधी आत असावं लागतं. तिशीतल्या माणसाने १८४३ मध्ये एवढं केलं हेही कमी नाही, पण मर्यादा ती मर्यादाच.

पुढचा प्रश्न दुसऱ्यांनी विचारला. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ च्या गुलामगिरीत जोतिरावांनी तर वंशाचा युक्तिवाद उलटाच फिरवला. बाहेरून आल्याचा अभिमान सांगता ना, मग मूळचे मालक कोण, असा हिशोब त्यांनी मांडला. ज्या शस्त्राने वरचे लोक हक्क सांगत होते, तेच शस्त्र खालच्यांच्या हातात आलं.

आज या वादात डीएनए आला आहे. २००९ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांनुसार भारतातले जवळपास सगळेच समाज प्राचीन गटांच्या सरमिसळीतून आले आहेत. ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि मग जातीतच लग्नं करायची पद्धत घट्ट होत गेली. म्हणजे शुद्ध मूळ शोधत पुरेसं मागे गेलं की मिसळच सापडते.

मग पोंभुर्ल्यात काय उरलंय?

आज पोंभुर्ल्यात बाळशास्त्रींच्या नावाने दर्पण सभागृह आहे. ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन होतो, हार घातले जातात, भाषणं होतात, पुरस्कार दिले जातात. पहिलं वृत्तपत्र काढणारा माणूस म्हणून ते योग्यच आहे.

पण त्याच माणसाने एका राजाची दहा पिढ्यांची यादी ओळ न ओळ वाचली होती, आणि ज्याची यादी बिनतोड असूनही उपयोगी पडली नाही अशा एका मुलासाठी स्वतःची पत पणाला लावली होती. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला मूळ गाव विचारलं तर खुशाल सांगा, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या उत्तरावरून कुणाचं पान पंक्तीतून उचललं जात असेल, तर श्रीपतची आठवण ठेवा.